मिठागरावरची सुट्टी

"हे तुमचं मत, की शेजाऱ्यांचं?"

समोरचा काहीही बोलला की सरांचा हा प्रश्न ठरलेला. चष्मा कपाळावर सरकवायचा, मान तिरकी करायची आणि विचारायचं. मी टीव्ही घेणार म्हटलं, तेव्हा विचारलं. मुलाला सायन्सला घालतोय म्हटलं, तेव्हा विचारलं. एकदा नुसतं "आज फार उकडतंय" म्हणालो, तरी विचारलं. मी वैतागलो. "अहो सर, घाम तरी माझा स्वतःचा आहे ना!" तर टाळी देऊन खो खो हसले.

असा एखादा शेजारी तुमच्याही वाट्याला आला असेल. नसेल आला, तर तुमचं नशीब थोडं कमीच म्हणायचं.

ऐंशी सालच्या आसपास आम्ही वाशीला राहायला आलो. नव्या कोऱ्या इमारती, मधे मोकळं रान आणि संध्याकाळ झाली की खाडीवरून येणारे डास. मी जवळच्या पावणे गावात रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर. समोरच्या दारात हे सर, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. दोन खोल्यांत सर, वहिनी, सरांच्या आई, दोन मुलं आणि बारा महिने गावाकडचा कोणी ना कोणी पाहुणा.

सरांच्या डोक्यात अमेरिका होती, पण आपल्या पोरांच्या डोक्यात असते ती नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी तिकडे काही विचारवंत होऊन गेले, त्यांनी सरांना झपाटलं होतं. सर गच्चीवर मला समजावून सांगायचे. खरं काय ते ना पोथी सांगते, ना पुढारी, ना चार लोक. ते प्रत्येक माणसाच्या आतच असतं. फक्त गर्दीच्या कलकलाटात ऐकू येत नाही. म्हणून निसर्गात जावं, एकटं बसावं. त्यांच्यातला एक जण तर तळ्याकाठी झोपडी बांधून एकटाच राहिला होता म्हणे.

एकदा वहिनी तिथेच पापड वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मग त्यांचे कपडे कोण धूत होतं?"

सर गडबडले. "ते पुस्तकात दिलेलं नाही."

"वाटलंच," वहिनी म्हणाल्या.

पण सरांच्या मनातून ती झोपडी काही जाईना. कॉलेजात शिकत होते तेव्हापासूनचं स्वप्न ते. आयुष्यात एकदा तरी असं राहायचंच. आमच्याकडे मासे विकायला येणाऱ्या आगरी मावशींच्या घरचं खाडीकाठी बंद पडलेलं मिठागर होतं आणि तिथे एक झोपडी. झालं! दिवाळीत भाऊबीज उरकली आणि सर स्टोव्ह, चादर आणि पुस्तकं घेऊन निघाले. लग्नाच्या दिवशीही हा माणूस एवढा खूश नसेल.

दोन दिवस गेले आणि मावशी टोपली न घेताच आल्या. सोबत त्यांच्या गावातले दोन म्हातारे, टोप्या घालून. मी सरांकडेच चहा पीत होतो.

"बाय, सनासुदीचा मास्तरला घराबाहेर काढलास काय?" मावशी सरळ मुद्द्यावर आल्या.

वहिनींना हसू आवरेना. "अहो, भांडण नाही हो! ते विचार करायला गेलेत."

"इचार कराला कोन घर सोरतो?" एक म्हातारा म्हणाला. "जाला गेला सोरून दे. चल, तू सोता हाताला धरून आन."

त्यांना पटवणं शक्यच नव्हतं. शेवटी आमची वरात निघाली. पुढे म्हातारे, मागे मावशी आणि वहिनी, आणि फुकटची गंमत बघायला मी.

झोपडीत बघतो तर काय! सरांच्या भोवती कोळंबीच्या कालवणाची पातेली, तांदळाच्या भाकऱ्या आणि गावातली माणसं. बायकोने टाकलेल्या माणसाला एकटं कसं ठेवायचं, म्हणून सगळ्यांनी पाळी लावून घेतली होती. सर कावले होते. "अहो, इथे माणसाला एकटं बसूच देत नाहीत!"

"एकला कशाला बसाचा?" म्हातारा दुखावला. "आमी काय मेलो काय?"

ही हुज्जत चालू असताना वहिनी बांधावर गेल्या होत्या. उन्हं उतरली होती. वाफ्यांत पाणी नुसतं थांबून होतं. त्या उभ्या राहिल्या, मग चप्पल काढून बसल्या. बराच वेळ बसल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही घरी जा. मी राहते इथे."



"हे तुझं मत, की..." सर सवयीनं म्हणाले.

"माझंच. इतकी वर्षं झाली लग्नाला, मी एकटी कधी बसलेय सांगा. मोरीत गेले तरी बाहेरून कोणीतरी हाक मारतं."

सरांचा चेहरा पडला. खोटं कशाला सांगू, मला वाटलं आता सर तत्त्वज्ञान-बित्त्वज्ञान गुंडाळून नवरा होणार. जन्मात एकदा मिळालेली सुट्टी कोण सोडतो? ते स्टोव्हकडे बघत राहिले, पुस्तकांकडे बघत राहिले. मग मावशींना विचारलं, "रात्रीचं काय?"

"माजी सून येल झोपाला," मावशी म्हणाल्या. "आनि बाप्यांना कोनाला फिरकू देनार नाय."

सरांनी फक्त टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघाले. रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं वर्गात ओरडतोय, प्रत्येक माणसाच्या आत, प्रत्येक माणसाच्या आत. त्या प्रत्येकात हिला कधी धरलंच नव्हतं हो." मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या मजल्याची करमणूक झाली. कुकरची शिट्टी उडाली. वरणाने तळ धरला. आई देवासमोर बसून सुनेला आणि लेकाला आळीपाळीने बोल लावत. सोसायटीचे चेअरमन मुद्दाम आले, म्हणाले, लोक काहीबाही बोलतायत. सर कणकेच्या हातांनीच दारात गेले आणि त्यांनाही तोच प्रश्न विचारला.

वहिनी परतल्या त्या उन्हाने काळवंडून, पण माहेराहून आल्यासारख्या. मग दर दिवाळीला भाऊबीज झाली की त्या मिठागरावर आणि सर ओट्यापाशी. मी एकदा म्हटलं, "एक वर्ष तुम्ही जा की."

"झोपडी एकच आहे," सर कांदा चिरत म्हणाले. "आणि तिला ते माझ्यापेक्षा बरं जमतं." डोळ्यांत पाणी होतं. ते कांद्याचं, असंच आम्ही दोघांनी धरलं.

दशक संपता संपता सर गेले. वर्गात शिकवताना छातीत कळ आली आणि संपलं. आई आधीच गेल्या होत्या, मुलं शिकायला बाहेरगावी. घर नातेवाइकांनी भरलं होतं आणि जो तो वहिनींना म्हणत होता, एकटी कशी राहणार, आमच्याकडे चल. मला राग आला. मी गॅलरीत वहिनींजवळ गेलो आणि म्हणालो, "यांना सांगा ना, तुम्हाला एकटं राहता येतं म्हणून."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, मी तिथे एकटी बसायचे ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा घरी हे असायचे."