जेवून उठल्यावर दाखवलेली जागा

गावात सिमेंटचा भक्कम पूल उभा असताना माणसं माडाची खोडं टाकून साकव घालत असतील, तर त्या गावाला कोणी शहाणं म्हणेल का? नाहीच म्हणणार. पण डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात ते तसं चालायचं, आणि त्यात वेडं कोणी नव्हतं. त्या साकवाकडे नजर वर करून बघायची छाती मात्र एका माणसाला नव्हती. ते म्हणजे गोकुळदासबाब.

गोकुळदासबाब गावचे भाटकार. माडांचं भाट, पोफळींचं कुळागर, वहाळाच्या दोन्ही काठांची जमीन, सगळं त्यांच्या घराण्याचं. वहाळ म्हणजे साधा ओढा, पण आषाढात त्याला साधा म्हणणाऱ्याने एकदा त्यात पाय घालून बघावा. अलीकडे गाव, शाळा, दुकान, साखळीला जाणारी बस. पलीकडे पलतडवाडा, तिथे सगळी मुंडकारांची घरं. म्हणजे घर त्यांनी बांधलेलं, पण घराखालची जमीन भाटकाराची. घराची जागा मुंडकाराच्या नावावर करून घेता येते असा कायदा येऊन बरीच वर्षं झाली होती. पण तो कायदा पलतडवाड्यावर पोचला नव्हता. तो मागायला भाटकाराच्या दारात जावं लागतं, आणि तिथे जाऊन तोंड उघडायचं कोणी?

दसरा झाला, पाणी उतरलं की वाड्यातला वडीलधारा बाबली पुढे व्हायचा आणि साकव घातला जायचा. भाटकाराच्या घरून एक माड, बाकीच्यांचे बांबू, सुंभ आणि अंगमेहनत. मिरगाआधी तो उचलून ठेवायचा, नाहीतर पहिला पूर त्याला थेट समुद्राला नेऊन घालायचा. मग चार महिने पलतडवाडा तुटलेला. भुरगी, म्हणजे पोरंटोरं, शाळेला नाहीत. आजारी पडायचं असेल त्याने दसऱ्यापर्यंत थांबावं.

म्हणून इथे कायमचा पूल पाहिजे हे गोकुळदासबाबांनीच मनावर घेतलं. ते पंच होते. पणजीला खेपा घालून, साहेबलोकांच्या खोल्यांबाहेर बसून त्यांनी पूल मंजूर करून आणला. हे श्रेय त्यांचंच, ते कोणी काढून घेऊ नये. पुढे जे झालं तेही त्यांचंच.

जागा बघायला ओव्हरसियर आला तो भर दुपारी, मे महिन्यात. भाटकाराच्या घरी आलेला माणूस न जेवता जाईल काय? इसवणाचं हुमण, म्हणजे सुरमईचं कालवण, तळलेल्या तुकड्या, वर सोलकढी. जेवून पडवीत हात धुताना ओव्हरसियरने विचारलं, "पूल नेमका कुठे घालायचा, बाब? लोक कुठून ओलांडतात?"

लोक ओलांडायचे ते खाली, शेतांच्या टोकाला. तिथवर उन्हातून चालत जायचं होतं, आणि पोट गच्च भरलेलं. शिवाय घरामागे, वहाळाच्या पलीकडच्या काठाला, गोकुळदासबाबांनी नवी पोफळ लावली होती. तिथली सुपारी माणसांच्या डोक्यावरून यायची. पूल घरामागेच झाला तर टेम्पो थेट आत. त्यांचा ओला हात आपसूक वर झाला, कुळागराच्या दिशेने.

"हंयच," ते म्हणाले. इथेच.

पानं उचलणाऱ्या त्यांच्या पत्नी विनोदिनीबाय थबकल्या. ओव्हरसियर गेल्यावर त्या म्हणाल्या, "लोक तर खालून जातात."

"खाली कातळ लागत नाही. पुलाला पायाखाली कातळ लागतो," गोकुळदासबाब म्हणाले. हे त्यांनी त्याच क्षणी रचलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं.

आता तुम्ही म्हणाल, पंचायतीत कोणी विचारलं नाही? विचारलं असतं. पण ते वर्ष भाषेचं होतं. सगळा गोवा पेटला होता, मराठी की कोकणी. भाऊ भावाशी बोलेना, जावई सासऱ्याच्या घरी जेवेना. आमच्या पंचायतीत वाद निघाला तो पुलावरच्या पाटीचा, ती मराठीत कोरायची की कोकणीत. बैठकीमागून बैठका झाल्या. मराठीच्या बाजूने गोकुळदासबाब असे बोलले की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाटी कुठल्या भाषेत, यावर माणसं गळा फाटेपर्यंत भांडली. पूल कुठल्या जागी, हे विचारायला एकाच्याही गळ्यात आवाज उरला नाही. आणि हे गोकुळदासबाबांना पक्कं ठाऊक होतं. वाद विझायला आला की हळूच फुंकर घालायचे ते तेच. शेवटी तोड निघाली आणि पाटी कोरली इंग्रजीत, जी दोन्ही बाजूंच्या कोणालाच धड वाचता येत नव्हती.

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी पूल खुला झाला. हार, भाषणं, शिरा. पलतडवाड्यावरची माणसं वाडा आणि पूल यांच्यामध्ये आडवा असलेला काजूचा डोंगर चढून, उतरून, पूल ओलांडून आली, शिरा खाऊन टाळ्या वाजवून तशीच परत गेली. जाताना भाटकाराच्या अंगणातून जायचं म्हणून त्यांनी पायांतल्या वहाणा हातात घेतल्या होत्या.

दसरा झाला आणि बाबली दारात उभा राहिला.

"बाब, आयतारा साकव घालतांव. तुमच्या घरचो एक माड जाय."

दरवर्षी म्हणायचा तसंच म्हणाला. आवाजात ना टोमणा, ना कुरकुर. गोकुळदासबाबांना मात्र घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

"आता पूल आसा न्ही रे?"

"आसा, बाब. बरो आसा." बाबली जमिनीकडे बघत उभा.

त्यांनी माड दिला. भाटातला सगळ्यात सरळ, सगळ्यात चांगला दिला. त्या रविवारी ते घराबाहेर पडले नाहीत. खालून खोडं ओढतानाची आरोळी ऐकू येत होती, आणि प्रत्येक आरोळीबरोबर त्यांना वाटत होतं, आता कोणीतरी आपलं नाव घेऊन शिवी हासडेल. कोणी हासडली नाही. शिवी आली असती तर सोसवली असती. या गप्प बसण्याचं काय करायचं, ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली की माणसं मायाळू आहेत, आपल्या घराण्याचा मान ठेवतात.

पुढच्या वर्षी, ऐन आषाढात, बाबलीच्या सुनेला, जानकीला, कळा सुरू झाल्या. साकव उचललेला. वहाळ दोन्ही काठ सोडून वाहत होता. तिला कदेलीवर, म्हणजे लाकडी खुर्चीवर, बसवून चौघांनी खांद्यावर घेतलं आणि ते डोंगरावर चढले. वर पाऊस, खाली शेवाळलेला कातळ. घसरत, थांबत, तिच्या किंकाळ्या ऐकत ती माणसं पुलापर्यंत आली तेव्हा फार उशीर झाला होता. जानकी गोकुळदासबाबांच्या पडवीत बाळंत झाली. विनोदिनीबायनी पोर हातात घेतलं. मुलगा होता. तो रडलाच नाही.

जानकीला गाडीत घालून साखळीला नेलं, ती वाचली. खालच्या जागेवर पूल असता तर ती कळा सुरू झाल्या झाल्या बसच्या रस्त्याला लागली असती. हे बाबलीला माहीत होतं, जानकीला माहीत होतं. पडवीच्या खांबाला धरून उभे असलेल्या गोकुळदासबाबांना तर सगळ्यांहून जास्त माहीत होतं.

सुतक फिटल्यावर बाबली आला तो केळ्यांचा घड घेऊन. घड पायरीवर ठेवून म्हणाला, "बाब, तुमच्या पुलान सुनेचो जीव रावलो. तुमचे उपकार."

गोकुळदासबाब आत गेले आणि देवघराच्या भिंतीला डोकं टेकून उभे राहिले.  उपकार! पोर गेलं, आणि वर केळी आणून देतात.

"घड देवापुढे ठेवू?" विनोदिनीबायनी मागून विचारलं.

"नको. गोठ्यात घाल."

विनोदिनीबाय म्हणाल्या, "लाज वाटते ना? मग जिथे वाटायला पाहिजे तिथे जाऊन सांगा. भिंतीला सांगून काय होतंय?"

हे सोपं होतं काय? भाटकार, पंच, मराठीसाठी सभा गाजवलेला माणूस. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दसऱ्याला बाबली पुन्हा माड मागायला आला, गोकुळदासबाबांनी पुन्हा दिला आणि तोंड पुन्हा मिटलेलंच ठेवलं. पण पडवीत बसणं त्यांनी सोडलं. पंचायतीत कोणी त्यांच्या कामाची स्तुती केली की ते उठून जायचे. लोक म्हणायचे, बाब आता विरक्त झाले. विरक्त कसले, तोंड लपवत होते.

आणि मग त्याच्या पुढच्या वर्षी संधी स्वतः चालत आली. पावसाळ्यात तुटणाऱ्या वाड्यांना पुराला टिकतील असे पूल द्यायचे, अशी सरकारची नवी योजना होती. तिचा अभियंता गावोगाव फिरत होता. तरणा, चष्मेवाला, बोलायला साधा माणूस. तो आमच्या वहाळावर पोचला तो नेमका रविवारी, साकव घालायच्या दिवशी. गोकुळदासबाब माडाबरोबर स्वतः खाली आलेले होते. आज बोलायचंच, असं रात्रभर घोकून आले होते.

अभियंत्याने एकदा खोडांकडे पाहिलं, एकदा वरच्या बाजूला दिसणाऱ्या पुलाकडे. "एवढा चांगला पूल असताना हा साकव कशाला?" त्याने विचारलं. "पूल चुकीच्या जागी झाला असेल तर स्पष्ट सांगा. मी इथे दुसरा सुचवतो. यंदा पैसा आहे, पुढच्या वर्षीचं मला माहीत नाही."

गोकुळदासबाब पुढे झाले.  "पूल चुकीच्या जागी आहे," ते म्हणाले. "जागा मी दाखवली. माझ्या सुपारीसाठी दाखवली. लोक इथूनच ओलांडतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यापायी या बाबलीचा नातू गेला. इथे पूल द्या."

बोलून झालं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना छातीभर श्वास घेता आला. आता थुंकू देत तोंडावर. पूल तर होईल.

अभियंता लोकांकडे वळला. "हे म्हणतात ते खरं?"

सगळ्यांनी बाबलीकडे पाहिलं. बाबलीने गोकुळदासबाबांच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, पावसाचा अंदाज घ्यायला आभाळाकडे बघावं तसं. मग तो हात जोडून म्हणाला, "ना, साहेबानू. बाब मोठ्या मनाचे. दुसऱ्याचो दोष आपल्या माथ्यार घेतात. पूल बरोच आसा. हो साकव आमी राखणदाराच्या मानाक घालतांव. चाल आसा आमची."

गावच्या राखणदाराने, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाने, असा मान कधी मागितला नव्हता. पण सगळ्यांनी माना हलवल्या. सुंभाची मोळी छातीशी धरून उभी असलेली जानकी मान खाली घालून राहिली. तिनेही नाही म्हटलं नाही.

"बाबली, खोटं बोलू नको!" गोकुळदासबाब ओरडले.

तो आवाज भाटकाराचा होता. त्यांच्या बापाचा, आज्याचा, पडवीतून मुंडकाराला हाक मारणारा. माणसं जागच्या जागी आक्रसली. दोघेजण तर एक पाऊल मागे सरले. बाबली घाईघाईने म्हणाला, "राखणदाराची आण, साहेबानू. आमकां आनीक पूल नाका."

अभियंता हसला. "भाटकार एक म्हणतात, लोक दुसरं म्हणतात. मला लोकांचं लिहावं लागतं, बाब. तुमच्यासारखी माणसं हल्ली मिळत नाहीत." त्याने गोकुळदासबाबांना वाकून नमस्कार केला आणि तो जीपमध्ये बसून पुढच्या गावाला गेला.

गोकुळदासबाब काठावरच उभे राहिले. ही माणसं आपल्याला सांभाळून घेतात, मान ठेवतात, असं त्यांनी इतके दिवस धरून ठेवलं होतं. त्या मानाखाली काय होतं ते आता त्यांना सरळ दिसत होतं. वहाळापलीकडे ती घरं दिसत होती, आणि त्या घरांखालची गोकुळदासबाबांची स्वतःची जमीन.

बाबली डोक्याचं फडकं काढून त्यांच्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "बाब, बरोबर बोललों न्ही हांव?"

 गोकुळदासबाबांचे ओठ नुसते हलले. बाबलीला वाटलं, भाटकार रागावले. तो सगळ्यांदेखत वाकला आणि त्याने त्यांच्या पायांना हात लावला.

"चुकलां आसल्यार पदरांत घेयात, बाब," तो म्हणाला. "घरांत ल्हान भुरगीं आसात."