दुभाषी मामा आणि तीन वाक्यं

माझा मामा केस कापतो आणि बातम्यांचं भाषांतर करतो. पहिलं काम पोटासाठी, दुसरं हौसेसाठी. पण दुकान दुसऱ्यावरच चालतं असं मामी म्हणते, कारण आमच्या रस्त्यावर केस कापणारे आणखीही आहेत आणि त्यांचा हात मामापेक्षा हलका आहे.

माझी शाळा इथून जवळ, म्हणून मी मामाकडे राहते. घर आणि दुकान यांच्यामध्ये एक दार आहे, आणि दाराला नुसता पडदा. पडद्याच्या अलीकडे मामीचं शिलाई मशीन आणि माझा अभ्यास. पलीकडे दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, वर टांगलेला टीव्ही आणि गिऱ्हाइकांची गर्दी. आवाज काही पडद्याला जुमानत नाहीत. त्यामुळे मला सगळे पाठ आहेत. टायरवाला बोलायच्या आधी तीनदा खाकरतो, गाडी थंडीत सुरू होत नाही तसा. समोरचा चष्मेवाला "माझं आपलं मत" म्हणून सुरुवात करतो आणि कालच्या पेपरातलं सांगतो. मी दोघांचेही आवाज काढून दाखवते, कधीकधी एकाच वेळी. मामीच्या मते माझ्या घशात भाडेकरू राहतात आणि एकही भाडं देत नाही.

दुकानाची एक रीत आहे. तिथे कोणी कोणाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही, सगळं आरशात बघून. खुर्चीत बसलेला आरशातल्या मामाशी बोलतो, मामा आरशातल्या बाकड्याशी, बाकडं आरशातल्या टीव्हीशी. टीव्हीवरची अक्षरं उलटी दिसतात, पण मामा म्हणायचा, बरंच आहे की, बातम्या वाचायच्या तर अशाच.

लढाई सुरू झाल्यापासून सातच्या बातम्यांना दुकान भरायला लागलं. बातम्यांतल्या बाईंचा आवाज इस्त्री केल्यासारखा, कुठे चुणी नाही. त्यांनी तोंड उघडलं की मामा कात्री थांबवायचा. खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीचा फेस घेऊन तसाच बसायचा. बाई म्हणायच्या, आपल्या बाजूची हानी किरकोळ आहे. मामा आरशात बघून म्हणायचा, म्हणजे मोजायला माणूस उरला नाही. बाई म्हणायच्या, तुकड्या ठरल्याप्रमाणे मागे आल्या. म्हणजे पळाल्या, आणि ठरवलं नंतर. जवानांचं मनोबल उंच आहे. म्हणजे बूट फाटले. मग कात्री पुन्हा चालू, आणि बाकड्यावर हशा. असं करता करता त्याचं नाव दुभाषी पडलं. लांबून लोक यायचे, केस वाढलेले नसले तरी.

तो खोटं बोलत नव्हता. बऱ्याचदा महिन्या-दोन महिन्यांनी त्याचंच खरं निघायचं. गल्लीत एखाद्या घरी शवपेटी यायची आणि चष्मेवाला आरशात मान हलवायचा, बघा, दुभाषी म्हणाला होता.

मामाचा मुलगा, माझा दादा, तेव्हा त्या बातम्यांच्या आतच होता, सीमेवर. त्याचा फोन आला की मामी आधी घ्यायची, मग मामा. दादा म्हणायचा, सगळं ठीक आहे. मामा फोन ठेवून सांगायचा, म्हणजे ठीक नाही, पण जेवलाय. एकदा मामी चिडली. म्हणाली, निदान पोटच्या पोराचं तरी सरळ ऐका. मामा हसला होता.

दादाच्या गोष्टींत एक उंट असायचा. त्याच्या तुकडीतला दोस्त, उंच, लांब मानेचा, म्हणून उंट. तोही मधेच फोन हिसकावून ओरडायचा, मावशी, तुमचा डुलक्या उभ्या उभ्या झोपतो हो. डुलक्या म्हणजे दादा. त्याला कुठेही झोप लागायची. शाळेच्या बसमधून तो दोनदा डेपोपर्यंत गेला होता.

लष्कराचे दोघं जण आले तेव्हा दुपार होती आणि दुकान रिकामं होतं. मामाला वाटलं गिऱ्हाईक. त्याने खुर्चीवरचा कपडा झटकला आणि म्हणाला, बसा. ते बसले नाहीत. पुढच्या अधिकाऱ्याने टोपी काढून काखेत धरली. आमच्या दुकानात आरशात न बघता बोललेला तो पहिलाच माणूस. तो थेट मामाच्या तोंडाकडे बघून म्हणाला,

"गाडी डोंगरातल्या वळणावर घसरली. आपला मुलगा मागे झोपलेला होता. त्याला काहीही कळलं नाही."

प्रत्येक वाक्यानंतर तो थांबला, जणू कोणी तरी लिहून घेतंय. आवाज चांगला होता. खालचा, मऊ, "काहीही"वर किंचित दाबलेला.

मामी पडद्यात उभी होती, तोंडात दोरा. तिने दोरा काढला आणि विचारलं, झोपेत होता ना? अधिकारी म्हणाला, झोपेत. मामीने तो एक शब्द उचलला आणि त्यानंतर खाली ठेवला नाही.

पेटी आली ती सील केलेली. उघडायची नाही असं सांगून गेले. मग जे करायचं असतं ते केलं. घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला मामी बसची गोष्ट सांगायची, डेपोपर्यंत गेलेली. गाडीत बसला की डोळे मिटायचेच त्याचे, म्हणायची. त्याला कळलंसुद्धा नसेल. बायका म्हणायच्या, नाही कळलं. मामी त्यावर रात्री झोपायची. दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं, आणि हे मामाला पक्कं माहीत होतं.

दुकान उघडलं तेव्हा सगळे आले. आणि माझ्या मामाला जे आवडतं तेच ते घेऊन आले.

टायरवाला खाकरला. म्हणाला, दुभाषी, असल्या जड गाड्या वळणावर घसरत नाहीत हो. टायर बघितलेत मी त्यांचे, हा एवढा खोल काप. चष्मेवाल्याने चष्मा पुसला. त्याचं आपलं मत असं की त्या दिवसांत त्या भागात आपल्याच तोफा चालू होत्या आणि कुणाचा तरी अंदाज चुकला. आणखी एक जण म्हणाला, झोपेत वगैरे सगळ्यांनाच सांगतात, माझ्या मेव्हण्याच्या शेजाऱ्यांनाही झोपेतच गेला असं सांगितलं होतं.

त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. लोक फुलं आणतात तशी ते शंका घेऊन आले होते. तुझा मुलगा वळणावर घसरून जाण्याइतका स्वस्त नव्हता, असं त्यांना म्हणायचं होतं, आणि ते म्हणायची भाषा त्यांना मामानेच शिकवली होती.

पडद्याच्या अलीकडे मामी मशीन चालवत असायची. दुकानात तो विषय निघाला की मशीन थांबायचं. मला अलीकडे कळायचं, मामाला पलीकडे. मशीन थांबलं की मामा आरशात पडद्याकडे बघायचा आणि केस वाळवायचं यंत्र चालू करायचा. टायरवाला टकलू आहे. त्याच्या कोरड्या डोक्यावर मामा गरम वारा सोडत उभा राहायचा आणि टायरवाला त्या घोंघाटात ओठ हलवत राहायचा. त्या दिवसांत आमच्या दुकानातून प्रत्येक जण वाळून बाहेर पडला. मी एरवी याची नक्कल केली असती.

एकदा यंत्र बंद करून मामा म्हणाला, "या एका बातमीचं भाषांतर नको."

"अहो, तुम्हीच तर शिकवलंत," चष्मेवाला म्हणाला. अगदी प्रेमाने म्हणाला.

 मामाने आयुष्यभर ज्यांना सांगितलं की बातम्यांतलं काही खरं मानू नका, त्यांना आता कसं सांगणार की एवढं एक वाक्य सोडा, ते माझ्या बायकोचं आहे?

मग सुट्टीवर उंट आला.

शनिवार होता, बाकडं भरलेलं. दारात एक मुलगा वाकून उभा राहिला, कारण चौकट त्याला पुरत नव्हती. मामाने मान बघितली आणि ओळखलं. खुर्ची रिकामी करून घेतली, त्याला बसवलं, कपडा बांधला. उंट म्हणाला, काका, मागचे बारीक करा, परवा परत जायचंय, तिकडचा न्हावी कान कापतो. बाकडं हसलं. आवाज तोच, फोनवरचा, शब्द एकमेकांच्या पाठीवर पडणारे.

अलीकडे मशीन थांबलं. मामी उठून पडद्याला लागून उभी राहिली, पडदा न सरकवता. मी फटीतून बघत होते. मामाने पाण्याचा फवारा मारला, कात्री घेतली, काही विचारलं नाही. यंत्राकडे त्याचा हात गेला होता, पण टायरवाला त्याच्या आधी खाकरला.

"तू होतास ना तिथे?"

आरशात सगळे उंटाकडे बघायला लागले. उंट स्वतःकडे बघत होता.

"गाडी डोंगरातल्या वळणावर घसरली," तो म्हणाला. "आपला मुलगा मागे झोपलेला होता. त्याला काहीही कळलं नाही."

दुसऱ्याचा आवाज घशात घेतला की तो कुठे टोचतो हे मला माहीत आहे. त्याला तिथेच टोचत होता. वाक्यं एकामागून एक, मध्ये तेवढीच जागा सोडून, "काहीही" दाबून. आणि आपला मुलगा. आपल्या दोस्ताला तो आपला मुलगा म्हणाला. तेवढंही त्याने बदललं नव्हतं, की त्याला बदलू दिलं नव्हतं.

मामाची कात्री चालूच होती. तो हळूच म्हणाला, "तुझ्या शेजारी होता का रे?"

उंटाने तोंड उघडलं, मिटलं. 

"गाडी डोंगरातल्या वळणावर घसरली," तो म्हणाला.

पाठ केलेलं मधे तुटलं की पहिल्यापासूनच म्हणावं लागतं, तसं.  चष्मेवाला पुढे झुकला होता. मामाने आणखी एक प्रश्न विचारला असता तर तो मुलगा फुटला असता, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि परवा त्याला त्या अधिकाऱ्याच्याच लोकांकडे परत जायचं होतं, हेही.

"मान खाली घे, बाळा," मामा म्हणाला. मागचे बारीक केले. वस्तऱ्याने मानेवरची कड साफ केली, इतकी सावकाश की मामाचा हात एवढा हलका मी कधी पाहिला नव्हता. ब्रशने केस झटकले. मग आरशातल्या बाकड्याकडे बघून, पण पडद्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐकलंत ना? तोही तेच म्हणाला. आता पुरे."

आणि खरंच पुरे झालं. टायरवाला खाकरला, पण पुढे काही आलं नाही. उंट दारात वाकला, मामाच्या पाया पडायला गेला ते मामाने पडू दिलं नाही. पडद्याकडे बघून तो म्हणाला, मावशींना सांगा मी आलो होतो. मावशी चार हातांवर होती.

संध्याकाळी मामी भांडी पुसत होती. मामा आत आला, पाणी प्यायला आणि तिला म्हणाला, तोही म्हणाला, झोपेतच होता. मामीने होकार दिला. मग माझ्याकडे वळली.

"कसा म्हणाला गं? करून दाखव."

मामाने माझ्याकडे बघितलं. आरसा नव्हता मध्ये. त्याला काय हवं होतं ते मला कळत होतं. मी उंटाचा फोनवरचा आवाज घेतला असता, धडपडता, हसरा, आणि त्यात तीन वाक्यं घातली असती, तर झालं असतं. मी तसंच करायला तोंड उघडलं. पण माझ्या घशातले भाडेकरू माझं ऐकत नाहीत. उंट निघाला आणि उंटाच्या आतून तो अधिकारी निघाला, टोपी काखेत घेऊन.

मामीने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "आपला मुलगा म्हणाला?"

"हो."

"तो तर डुलक्या म्हणायचा त्याला."

मामाने पेला खाली ठेवला. मग मामा म्हणाला, "चारचौघांत कसं म्हणेल? मोठी माणसं बसलेली. लाजला असेल."

मामीने त्याच्याकडे बघितलं. सरकारची बाजू घेताना तिने त्याला पहिल्यांदाच बघितलं होतं.

"हो," ती म्हणाली. "लाजलाच असेल." आणि फडकं झटकून मशीनकडे गेली. थोड्या वेळाने मशीन सुरू झालं. बसची गोष्ट मात्र त्यानंतर तिने कोणाला सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

सोमवारी उंट परत गेला असेल. त्या दिवशी सात वाजता दुकान भरलेलं होतं. बाई आल्या, इस्त्री केलेल्या. म्हणाल्या, डोंगराळ भागात चकमक झाली, आपल्या बाजूची हानी किरकोळ आहे. सवयीने मामाची कात्री थांबली. सवयीने सगळे आरशात त्याच्याकडे बघायला लागले, अर्धा फेस लावलेला माणूससुद्धा.

अलीकडे मशीन थांबलं.

"म्हणजे," मामा म्हणाला. आरशात त्याने पडद्याकडे बघितलं.

"म्हणजे किरकोळ," तो म्हणाला, आणि कात्री पुन्हा चालू झाली.