इंजिनाला हवा लागते

पनवेलच्या आमच्या सोसायटीत लाईट गेली की खाली जनरेटर सुरू होतो आणि डिझेलचा वास जिन्याने वर चढतो. शेजारी खिडक्या लावून घेतात. मी मात्र मनाने सौदीतल्या दम्मामला जाऊन पोहोचते.

आखाती युद्धाचे दिवस होते. तिथल्या एका लहान हॉस्पिटलात मी नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर होते. वॉर्डाच्या टोकाला जनरेटरची खोली होती, आत इंग्लंडहून आलेलं जुनं हिरवं इंजिन. ते सांभाळणारे दाऊदभाई रत्नागिरीचे. कारखान्याच्या नावाची पितळी पट्टी ते रोज पुसायचे. तो कारखाना पुढे बंद पडला म्हणे. इंजिन आपोआप सुरू करणारा भाग बिघडला होता आणि नवा युद्धामुळे अडकला होता. लाईट गेली की ते हातानेच सुरू करावं लागे, नाहीतर बाळांच्या उबेच्या काचपेट्या बंद पडत.

त्या संध्याकाळी सायरन वाजला. क्षेपणास्त्रातून विषारी गॅस येईल म्हणून आम्ही खिडक्या-दारांच्या फटींना टेप लावत सुटलो. शेवटी वॉर्डातून जनरेटरच्या खोलीत जाणारं दार राहिलं; दाऊदभाई पलीकडे, खिडकी उघडी ठेवून उभे.

“तुम्ही आत या,” मी म्हणाले. “तीही खोली बंद करू.”

“इंजिनाला हवा लागते, ताई.” त्यांनी ओला रुमाल तोंडाला बांधला. “लाईट गेली तर हितं कोन असेल? यल्ला, चला, लावा दार.”

मी दार लावलं, फटींवर टेप लावली. दुसऱ्यांदा ‘या’ म्हटलं नाही.

गॅस आला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. लोक म्हणतात, मग झालं तर! पण सगळं शांत झाल्यावर मी ते दार उघडायला गेले, तेव्हा टेप हाताने निघेना. कात्री आणावी लागली, इतकी नीट मी ती लावली होती.