मी फक्त इचारतो

केळझरच्या अलीकडे मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की एक गाव लागतं. तिथं बंडूजींचं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान आहे. लग्न असो, भागवत असो की निवडणूक, भोंगा त्यांचाच. आणि भोंग्यातून निघणारं भाषणही बहुतेक त्यांचंच. गावातला कोणताही पुढारी घ्या, तो माइकसमोर जे ओकतो ते बंडूजींनी लिहून दिलेलं असतं. स्वतः मात्र ते कधी माइकवर गेले नाहीत. "बोलणाऱ्याचं तोंड दिसते, लिहिणाऱ्याचं नाई," असं म्हणून हसायचे.

शाळेत असताना वादविवाद स्पर्धेत त्यांनी वर्ध्याहून ढाल आणली होती, तेव्हापासूनची ही खाज. म्हणायचे, भाषणाला पाय तीन. बोलणाऱ्यावरचा भरवसा, ऐकणाऱ्याच्या मनातली कळ, आणि मुद्दा. "मुद्दा सगळ्यात शेवटी, अन् नसला तरी चालते." मुद्दा खोडता आला नाही की माणसालाच धरायचं. समोरचा म्हणाला विहीर खोल करू, तर आपण म्हणायचं, हा तर गावाची नदी आटवायला निघाला! मग बसतो बिचारा नदीबद्दल खुलासे देत. असे डाव तोंडपाठ होते त्यांना. पण त्यातला हुकमी डाव एकच. आरोप करायचाच नाही, सवाल टाकायचा.

"आरोप केला तर लोकं तुमाले पुरावा मागतात. सवाल केला तर त्याले उत्तर मागतात," हे त्यांनी कृषी केंद्रवाल्या रूपरावांना शिकवलं. मागच्या निवडणुकीत रूपराव सरपंचपदाला उभे होते आणि समोर डोमाजी गुरुजी. गुरुजी म्हणजे धुतल्या तांदळासारखा माणूस, त्याला काय चिकटणार? पण बंडूजींनी चिकटवलं. नळयोजनेचे काही पाइप तेव्हा सापडत नव्हते आणि योजनेच्या समितीवर गुरुजी होते. रूपराव भर सभेत म्हणाले, "नळयोजनेचे पाइप कोणाच्या वावरात पुरले? मी आरोप नाई करत. फक्त इचारतो."

झालं! गुरुजी वावर दाखवायला निघाले तर लोक म्हणाले, घाबरला. गप्प बसले तर म्हणाले, बोलती बंद झाली. "आग असल्याशिवाय धूर निघत नाई बाप्पा," पानठेल्यावर दुसरी गोष्टच नाही. गुरुजी पडले. पाइप पुढं पंचायतीच्याच गोदामात सापडले, पण तेव्हा ऐकायला कोणाला सवड होती? गुरुजी गाव सोडून मुलीकडे नालवाडीला राहायला गेले. आणि बंडूजी? ते दुकानात बसून रूपरावांच्या टाळ्या आठवत मिशीला पीळ देत होते. लाज नावाची चीज तेव्हा त्यांच्या आसपासही फिरकली नाही.

यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. रूपरावांनी बायकोला, सुलोचनाबाईला, उभं केलं. तिच्यासमोर उभी राहिली बंडूजींचीच सून प्रेरणा. तिचा बचत गट शाळेतली खिचडी शिजवायचा. पोरगी सरळ, नाकासमोर चालणारी. सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, मले तुमचे डाव नका देऊ. मुद्दे द्या."

बंडूजींना आधी हसू आलं, मग बरंही वाटलं. त्यांनी बसून खरं भाषण लिहिलं. कोणत्या गल्लीत नाली नाही, कोणाचं घरकुल अडलं, पुढं काय करता येईल. एकेका वाक्यामागं पुरावा. रूपरावांना या वेळी त्यांनी साफ नकार दिला. वाटलं, आपण लिहून दिलं नाही तर हा बाबा बोलणार काय? इथंच त्यांची अक्कल चरायला गेली होती. शिकवलेलं कोणी परत करत नसतं.

शेवटची सभा मारुतीच्या पारासमोर, दोन्ही बाजूंची एकाच मंडपात झाली. प्रेरणा आधी बोलली. लोकांनी माना डोलावल्या. बायकांमध्ये बसलेल्या अनुसयाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, पदरानं डोळे टिपले. मग बायकोच्या वतीनं रूपराव उठले.

"शाळेच्या खिचडीची डाळ कोणाच्या घरी शिजते? मी आरोप नाई करत. फक्त इचारतो."

लाउडस्पीकरच्या मशीनजवळ बसलेल्या बंडूजींनी वाक्य लगेच ओळखलं. सगळं त्यांचंच, शेवटी आवाज खाली आणायची खुबीसुद्धा. फक्त पाइपच्या जागी डाळ. हात आपसूक बटणावर गेला आणि आवाज पडला.

"ओ बंडूजी, आवाज वाढवा!" मागून कोणी ओरडलं. "सुनेचं झाकून राह्यले का?"

हशा पिकला. बंडूजींनी आवाज वाढवला, आणि रूपरावांनी वाक्य पुन्हा म्हटलं.

प्रेरणा उभी राहिली. "चला, आताच्या आता माह्या घरचे डबे पाहा!"

"आधीच खाली केले असन!" कोणीतरी म्हणालं. ती बसली, तर दुसरा म्हणाला, "पाहा, बसली." तिनं सासऱ्याकडे पाहिलं. बंडूजी उठले, जन्मात कधी न धरलेला माइक त्यांनी धरला. "लोकहो, जो शंका घेते, पुरावा त्यानं द्या लागते..."

"मंग हे डोमाजीच्या टाइमाले मले काऊन नाई सांगितलं जी?" रूपराव हसत म्हणाले.

बंडूजींनी माइक खाली ठेवला. प्रेरणा त्यांच्याकडे पाहत होती.

प्रेरणा पडली. पडण्याचं एक वेळ ठीक, पण शाळेतली पोरं घरून डबे आणायला लागली आणि तिनं शिजवलेली खिचडी भांड्यात तशीच उरायला लागली. एके दिवशी ती उरलेल्या खिचडीचं पातेलं घेऊन घरी आली. रात्रीच्या जेवणाला बंडूजींचा संताप उफाळून आला. "हरामखोर हाय तो रूपराव! खोटं बोलाले जीभ कशी धजते याची?"

प्रेरणानं हातातली पळी खाली ठेवली.

"मामाजी, गुरुजीच्या पाइपाचं ते वाक्य कोणं लिहून देल्लं होतं?" ती म्हणाली. "मी आरोप नाई करत. फक्त इचारतो."

अनुसयाबाई जेवायच्या थांबल्या. या सवालाला उत्तर होतं आणि ते एका शब्दाचं होतं, पण त्यांच्या तोंडून निघालं नाही. प्रेरणानं पळी उचलली आणि सासूच्या ताटात भाजी वाढली.