हाकेला येणारी बदकं

आमच्या गावात हिवाळ्यात मोठ्यानं बोलायला बंदी असते. कास्पियन समुद्राकाठच्या भातशेतांत पाणी सोडतात, उत्तरेहून रानबदकं उतरतात आणि ती परत जाईपर्यंत लग्नात ढोल वाजत नाही, बायकांची भांडणंसुद्धा कुजबुजत चालतात. मी डोंगराकडची, तोंडाची फटकळ. पहिल्या हिवाळ्यात माझा जीव नुसता घुसमटला. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तुझा रेडिओ वसंतापर्यंत बंद ठेव. बदकं गेली की दिवसभर वाज."

त्यांचं नाव सनमबर. सासरे गेल्यावर दामगाह, म्हणजे आमचं बदकं धरायचं तळं, त्यांनी स्वतः चालवायला घेतलं. गावातल्या पुरुषांनी नाकं मुरडली. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

तळ्यावरचं काम चालायचं ते घरच्या बदकांच्या जोरावर. वर रानबदकांचा थवा दिसला की सासूबाई लव्हाळ्याच्या कुडामागून आपली बदकं उडवायच्या. ती थव्यात मिसळून एखादा फेरा मारायची आणि हाक आली की खाली यायची. रानबदकं त्यांच्यामागून अरुंद चरात शिरायची आणि माझा नवरा सियामक जाळ्याचा दोर ओढायचा. हाक म्हणजे नुसतं "सीका, सीका". आमच्याकडे बदकाला सीका म्हणतात. एवढ्या हळू आवाजातली हाक आभाळात कशी पोचायची, देव जाणे! अंड्यातून बाहेर आल्यापासून त्यांनी ती पिल्लं शालीत घेऊन वाढवली होती. माझ्याशी बोलल्या नसतील इतकं त्या बदकांशी बोलायच्या. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू.

एका वर्षी ऐन थंडीत आमच्या कोंबड्या मेल्या. संध्याकाळी मान टाकून बसल्या, तुरे काळेनिळे पडले आणि सकाळी अंगणभर पिसं. पशुवैद्यक खात्याच्या डॉक्टर ताबंदेबाई आल्या, नमुने घेऊन गेल्या आणि परत आल्या त्या पांढऱ्या कपड्यांतली माणसं घेऊनच.

"बर्ड फ्लू आहे, आई," त्या म्हणाल्या. "तुमच्या बदकांतही निघाला. ती मारावी लागतील."

"माझी बदकं ठणठणीत आहेत. डोळे बघा त्यांचे."

"तीच तर अडचण आहे. बदकांना बऱ्याचदा काही होत नाही. आजार पोटात घेऊन हिंडतात, विष्ठेतून पाण्यात सोडतात. पाणी गार असलं की तो तिथं बरेच दिवस टिकतो. तुमची बदकं दिवसभर रानबदकांत असतात आणि संध्याकाळी कोंबड्यांच्या ताटात जेवतात."

सियामक उसळला. "मग रानबदकांना गोळ्या घाला ना! आमच्या बदकांच्या का जिवावर उठलात?"

"गोळ्या घातल्या तर ती उधळतील आणि आजार दहा तळ्यांवर नेतील. शिवाय हा जहाल प्रकार आधी माणसांनी पाळलेल्या कोंबड्या-बदकांतच पेटला, तिथून रानपाखरांना लागला. त्यांना कुठल्या तोंडानं दोष द्यायचा?"

सासूबाईंनी अंगणातलं कोंबड्यांचं ताट उचलून पालथं घातलं. मग म्हणाल्या, "एका ताटात मीच जेवू घातलं. उरलेले दाणे वाया जायला नकोत म्हणून."

खात्याची माणसं सकाळभर नावेतून आमच्या बदकांमागे हिंडली. बदकं उठायची आणि रानबदकांच्या गर्दीत नाहीशी व्हायची. घरचं कोणतं, रानातलं कोणतं, कुणाला कळणार? दुपारी डॉक्टरबाई आमच्या उंबऱ्याशी आल्या. सासूबाईंना हाक द्यायला न्यायला आल्या होत्या, ते आम्हाला समजलं.

सियामकनं आईचा हात धरला. "तू हाक देऊ नकोस. म्हण, ऐकत नाहीत. वसंतात थव्याबरोबर निघून जातील, जगतील तरी."

"जायची नाहीत रे. दाण्याला चटावलीत. मी नाही बोलावलं तर शेजारच्या तवक्कुलच्या अंगणात उतरतील. त्याची नात दिवसभर कोंबड्यांत खेळते."

"तू नाही बोलावलंस तर तुझ्याकडून तरी मरणार नाहीत!"

"माझ्याच हाकेला येतील, म्हणून तर मी जायचं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. मला रडू आवरेना. त्या मात्र धान्याच्या कणगीशी जाऊन बादली भरत होत्या.

"आई, दाणे कशाला?" एक माणूस म्हणाला. "आता काय उपयोग?"

"रिकाम्या हातानं मी त्यांना कधी बोलावलं नाही."

डॉक्टरबाईंनी त्यांना पांढरा पोशाख, हातमोजे, मास्क घालायला लावला. त्या कुडामागे बसल्या आणि हाक दिली. आमची बदकं थव्यातून सुटली, खाली आली आणि तो पांढरा आकार पाहून वर वळली. पुन्हा हाक, पुन्हा तेच. सियामकच्या चेहऱ्यावर आशा दिसायला लागली. मला वाटलं, सासूबाई आता उठतील आणि म्हणतील, बघा, जमत नाही.

त्यांनी माझ्याकडे हात पसरला. "माझी तपकिरी शाल आण."

पोशाखावरून त्यांनी ती जुनी शाल गुंडाळली, डोक्यावरून घेतली आणि म्हणाल्या, "सीका, सीका."

बदकं उतरली. एकामागून एक चरात आली, मागून नेहमीसारखी रानबदकंही आली. सियामकचा हात सवयीनं दोराकडे गेला. सासूबाईंनी नुसती नाही म्हणून मान हलवली. रानबदकं दचकून उडाली. घरची उडाली नाहीत. ती त्यांच्या पायांशी गोळा झाली आणि त्यांनी बादली ओतली.

इतकं धैर्य मी आयुष्यात कुणाच्या ठायी पाहिलं नाही. माझ्यात ते नाही, मला माहीत आहे.

माणसं खोकी घेऊन पुढे झाली. पहिलं बदक उचलायला एकानं हात घातला तसं सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. जेवण होऊ दे त्यांचं."

त्यानं डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मग आम्ही सगळे दाणे संपेपर्यंत तिथंच उभे राहिलो.