वाकलेली दांडी

लढाई संपली त्या साली मी बायकोला बाळंतपणासाठी इस्लामपूरहून सांगलीच्या दवाखान्यात नेत होतो. आष्ट्याच्या अलीकडे सर्व्हिसची मोटार बंद पडली आणि तिला कळा सुरू झाल्या.

ड्रायव्हरने इंजिनाचं झाकण काढलं. व्हॉल्व्ह ढकलणारी एक दांडी वाकली होती. मागच्या बाकावरचा खाकीतला शिपाई उतरून आला. पलटणीत तो मोटारींचा फिटर होता. त्याने दांडी मैलाच्या दगडावर ठोकून सरळ केली, शेजारची चांगली दांडी तिच्याजवळ उभी धरली आणि एक डोळा मिटून लांबी ताडून पाहिली.

"केसभर आखूड झालीया. स्क्रूनं भरून काढू."

दांड्या बसवून त्याने माझ्याकडून पोस्टकार्ड मागून घेतलं. ते व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या फटीत जेमतेम सरकेल एवढाच स्क्रू फिरवला. इंजिन सुरू झालं.

"वाजतंय की. अजून आवळा," ड्रायव्हर म्हणाला.

"वाजू दे गड्या. आवळलं तर व्हॉल्व्ह मिटायचा न्हाई, जळंल. वैनीस्नी पोचवायचं हाय."

सांगलीपर्यंत तो पुढे बसून इंजिनाकडे कान देत होता. संध्याकाळी मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी आभार मानायला मी त्याला शोधत मोटारअड्ड्यावर गेलो.

ड्रायव्हर म्हणाला, "त्याचं गाव आष्टाच. चार वर्सांनी घरला चालला हुता. गाव आलं तवा मी गाडी हळू केली, तर म्हणाला, जाऊ दे म्होरं."

परतताना मोटार आष्ट्याला थांबली, तेव्हा मुलीला मांडीवर घेऊन आम्ही दोघं रस्त्यावरचा प्रत्येक खाकी सदरा न्याहाळत होतो.