जावईबापूंचा मोठा पाटा

गॅसवर दूध, सुरीखाली भाजी आणि जिभेच्या टोकावर सासूबाईंना द्यायचं एक उत्तर, अशा अवस्थेत ती ओट्याशी उभी असताना दार वाजलं. लोखंडी दारावर किल्लीची टकटक, मालक असल्यासारखी. असं दार एकच माणूस वाजवायचा, जावई.

"जा गं, उघड. जावयाला ताटकळत ठेवू नये," सासूबाई म्हणाल्या. उत्तर जिभेवरच राहिलं.

गल्लीत तिला ठिणगीमावशी म्हणत. त्याचं निम्मं कारण धंदा आणि निम्मं स्वभाव. राहत्या घराच्या खालच्या खोलीत तिची भट्टी होती. चाकांवर गाडीचं ओझं पेलणारे पोलादी पाटे ती नीट करून द्यायची. वर्षानुवर्षं ओझं वाहून पाट्यांची कमान जाते, ते सपाट होतात. मग म्हणायचं, पाटे बसले. बसलेला पाटा तापवायचा, ऐरणीवर ठोकून पुन्हा वाकवायचा, तेलात बुडवून पाणी द्यायचं, म्हणजे कडक करायचं, की लोखंडाला पुन्हा ताठा येतो. ही विद्या सासऱ्यांनी मुलाला शिकवायला घेतली होती. मुलाचं लक्ष लागलं नाही. भाता ओढता ओढता शिकली ती सून. नवरा गेल्यावर लोकांनी भट्टीही गेली असं धरलं. तिने साडीवर त्याचा जाड शर्ट चढवला आणि दुसऱ्या महिन्यात घण उचलला.

टाकायला अक्कल लागत नाही, हे तिचं पेटंट वाक्य. घरातली डावाची दांडी, छत्रीची काडी, सासूबाईंच्या चष्म्याची तार, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. त्यामुळे मावशीकडे काहीही न्या, ठोकून देते, अशी ख्याती पसरली होती. ख्यातीचं एक वाईट असतं. ती आपण कमावतो आणि वापरतात दुसरेच.

जावयाची छोटी बस होती. कपडे शिवायच्या कारखान्यातल्या बायकांना सकाळी पोचवायचं आणि संध्याकाळी आणायचं, हा त्याचा धंदा. तिची लेकही त्याच कारखान्यात काजं करायच्या मशीनवर होती आणि त्याच बसने जायची. आज सकाळची फेरी कशीबशी उरकून तो थेट इकडे आला होता. गाडी डाव्या अंगाला कलते म्हणाला. ती गल्लीच्या तोंडाशी जॅकवर उभी आहे, पाटे उतरवून आणलेत, तेवढी कमान देऊन टाका, संध्याकाळच्या फेरीला गाडी उभी राहायला हवी.

तिने दूध उतरवलं, हात पुसले आणि खाली गेली. सासूबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसल्या. तिथून त्यांना घर आणि भट्टी दोन्ही दिसायचं.

पाटे सुटे करून तिने तारेच्या ब्रशने घासले. लहान पाटे बसले होते, पण निरोगी होते. मोठ्या पाट्यावर मात्र तिचा हात थांबला. सगळ्यांच्या वरचा हा पाटा, गाडीशी थेट जोडलेला. तो तुटला की चाकाला धरून ठेवणारं काही उरत नाही. इतका जुना पाटा आणि मधोमध काळा कुळकुळीत नवा रंग. म्हाताऱ्याने मिशाच तेवढ्या रंगवाव्यात तसा.

रंग खरवडून तिने त्या जागी रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं, वर खडू फासला आणि हातोडीने हलकेच ठोकलं. मग ती वाट बघत उभी राहिली. जावई मोबाइल बघत होता. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूत एक ओली काळी रेघ उमटली, मधल्या बोल्टाच्या भोकापासून कडेपर्यंत. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर आलं होतं. रेघेच्या शेजारीच वेल्डिंगचा फुगवटा होता.

मागच्या खेपेला तिने हाच पाटा हातात घेऊन त्याला बजावलं होतं की हा थकलाय, नवा घ्या. त्याने मान डोलावली होती आणि पाटे न ठोकताच परत नेले होते. नवा घेतला असेल असं ती समजून चालली होती.

"हा कुणी जोडला?"

वेल्डिंगवाल्याने, तो म्हणाला, मोबाइलवरून नजर न काढता. घासून रंग मारला की कळतसुद्धा नाही. आता परत जोडून घेऊ, त्यात काय.

पाट्याला वेल्डिंग चालत नाही, ती म्हणाली. जिथे आच लागते तिथलं पाणी उतरतं आणि भेग शेजारून पळते. हा ठोकायचाही नाही आणि जोडायचाही नाही.

आता त्याने मोबाइल खिशात टाकला. टाकायला अक्कल लागत नाही म्हणता ना, असा टोमणा मारला. बाहेर कुणीही करून देईल, घरचं माणूस म्हणून तुमच्याकडे आलो, असंही सुनावलं.

वाद वाढतोय हे पाहून सासूबाईंनी मधाचं बोट लावलं. "असं काय करतेस गं? किती मानतात ते तुला. नात सांगत होती, गाडीतल्या बायकांना हे म्हणाले, पाटे माझ्या सासूबाईंच्या हातचे आहेत, खुशाल डोळे मिटून बसा."

तिने भट्टीचा पंखा वाढवला, निखारे लाल झाले.

ठिणगीमावशी चिडली की तिचा आवाज चढत नसे, अदब चढत असे. 'तुम्ही'चं 'आपण' झालं की जुनी गिऱ्हाइकं चपला शोधू लागत.

"आपण असं सांगितलंत, जावईबापू?"

तो चाचरला. बायका रोज कुरकुरत होत्या, मागे काहीतरी कडकड वाजतं म्हणून. त्यांना धीर द्यायला म्हटलं असेल.

तिने पुढे काही विचारलं नाही. सांडशीने मोठा पाटा उचलला आणि भट्टीत सारला. तो धावला, पण तिने सांडशी आडवी धरली. मधला भाग लालभडक झाला तसा तिने तो ओढून राखेच्या ढिगात पुरला. राखेत सावकाश निवलेला पाटा मऊ पडतो. आता त्याला जगातला कुठलाही वेल्डिंगवाला गाडीखाली घालू शकणार नव्हता.

"अगं, जावयाची वस्तू..." सासूबाई पुटपुटल्या.

जावयाचा चेहराही त्या पाट्यासारखाच लालभडक झाला होता. "बरं केलंत. पण हे तुमच्या लेकीला तिकडे ऐकून घ्यावं लागेल, सांगून ठेवतो."

तिने सांडशी ऐरणीवर ठेवली. लेकीच्या नावाने तिला आजवर कुणी धमकावलं नव्हतं.

"ऐकायला तिला कान आहेत," ती म्हणाली. "मागच्या सीटवर बसायला तिच्याकडे दुसरी कंबर नाही. तिच्याकडे नाही आणि त्या बायकांकडेही नाही. धाकटे पाटे चांगले आहेत, ते मी करून ठेवते. मोठा नवा घेऊन या. आणि आमच्या मुलीला जे ऐकवायचं असेल ते आधी इथे येऊन मला ऐकवा."

तो पाय आपटत गेला. ती दिवसभर ठोकत राहिली. दरवेळी घण गरजेपेक्षा जोरात पडत होता हे तिचं तिला कळत होतं. दोनदा तिला थांबून कमान पुन्हा मापाला आणावी लागली. त्याच्यावर राग होताच, पण मागच्या खेपेला मान डोलावली म्हणून आपण विषय सोडून दिला, या गोष्टीचा जास्त होता. वरून सासूबाईंनी जेवायला हाक मारली, ती गेली नाही. शेवटी त्या स्वतःच ताट घेऊन जिना उतरल्या आणि ते ऐरणीजवळ ठेवून गेल्या.

ऊन कलल्यावर जावई आला. बगलेत नवा पाटा होता, दुकानाचं लेबलही काढलेलं नव्हतं. तिने तोही खालीवर करून तपासला. मग दोघांनी मिळून पाटे जुळवले, बोल्ट आवळले, गाडीखाली चढवले. बोलणं फक्त पान्याच्या नंबरापुरतं झालं. गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी राहिली.

त्याने हात धुतले, फडक्याला पुसले आणि जरा हसून म्हणाला, "झालं तुमच्या मनासारखं. आता तरी राग गेला ना? आणखी काही राहिलंय का?"

राग गेला नव्हता.

"एकच," ती म्हणाली. "संध्याकाळी बायका गाडीत बसल्या की गाडी सुरू करायच्या आधी त्यांना सांगा, 'आजवरचे पाटे माझ्या सासूने केलेले नव्हते.'"